कुंदाआत्या आणि वीस लिटर स्टाउट

चूक कुंदाआत्याची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठलीही चौकशी फिरून फिरून माझ्या इंजिनीअरिंगवर येते. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. त्यानंतर दूध उतू गेलं तरी बाबा म्हणतात, "डिग्री घेतली असतीस तर..." तर काय? दूध मार्कशीट बघून खाली बसलं असतं?

मी अंधेरीच्या एका छोट्या ब्रूअरीत आहे. केग धुतो. केग म्हणजे बिअरच्या स्टीलच्या टाक्या. दिवसाला चाळीस. घरी सांगितलंय, "औषध कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला." (खोटं काय त्यात? न धुतलेल्या केगमधली बिअर पिऊन बघा, मग औषधच लागेल.)

डिसेंबरात आमचा हेड ब्रूअर देवेश म्हणाला, या वेळी एक कडक स्टाउट लाकडी पिंपात मुरवू. स्टाउट म्हणजे काळीकुट्ट, दाट बिअर. ही तर नेहमीच्या बिअरच्या दुप्पट चढणारी. पिंप ओकच्या लाकडाचं, वीस लिटरचं, आधी त्यात रम होती. चांगलं मुरलं की व्हॅनिला, खोबरं, कॉफी असले वास येतात म्हणे. फक्त जागा अंधारी हवी, बऱ्यापैकी थंड हवी आणि तापमान सारखं खालीवर होता कामा नये. आमच्या कोल्डरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

"माझ्या घरी आहे जागा," मी बोलून गेलो.

"मुंबईत? थंड?" सम्यक फिसकन हसला. हा मी लागलो त्याच आठवड्यात कामाला लागला, पण मायक्रोबायोलॉजीची डिग्री घेऊन.

"मुलुंडला. तळमजला, मागे डोंगर. जिन्याखाली आमची खोली आहे. पंख्याशिवाय झोप लागते तिथे."

देवेशने माझ्याकडे पाहिलं. "पाच महिने. हलवायचं नाही, उघडायचं नाही. चव जमली तर असिस्टंट ब्रूअर तू."

असिस्टंट ब्रूअर! ती जागा मिळेल त्या दिवशी घरी खरं सांगून टाकायचं, मी ठरवलं. हुद्दा असला की माणसाला खरं बोलता येतं.

पिंप रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. दारातच कुंदाआत्या. ही बाबांची थोरली बहीण. आई गेल्यावर घर सांभाळायला म्हणून मालवणहून आली आणि ताबा घेऊन बसली.

"ह्या काय रे?"

"कंपनीचं आसव. आयुर्वेदिक. मुरत ठेवायचंय. हात लावू नकोस."

मुरत हा शब्द मी त्या बाईसमोर काढायलाच नको होता. जगात जे जे म्हणून मुरतं, ते सगळं आपल्या खात्यात येतं अशी तिची समजूत आहे. बिल्डिंगमधल्या तेरा घरांची लोणची तिच्या सल्ल्याने चालतात.

"मेल्या, काळोखात काय मुरतंय डोंबल?"

"मुरतं. विज्ञान आहे ते."

"विज्ञान," बाबा पेपरामागून म्हणाले. "दुसऱ्या वर्षापर्यंतचं."

मी दार आपटलं.

पुढचे पाच महिने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. खोलीच्या भिंतीला थर्मामीटर लावला. सकाळी निघताना आकडा लिहायचो, आल्यावर लिहायचो. कामावर असताना डोक्यात एकच: पिंप गळत तर नसेल? बूच सैल तर नसेल? देवेशला दिवसातून दहा वेळा छळायचो. "पिंप तापलं तर काय होईल?" तो सांगायचा, तापलं की लाकूड बिअर पोटात ओढून घेतं, गार झालं की ओकून टाकतं, आणि येताना लाकडाचा तुरटपणा घेऊन येतं. थोडं झालं तर मजा. रोज झालं तर टेबलाचा पाय चाटल्यासारखं लागतं. शिवाय बिअर उडून जाते, त्या जागी हवा शिरते आणि सगळं आंबतं. हे ऐकून मी घरी धावायचो. थर्मामीटर अठ्ठावीस. मी खूश.

(थर्मामीटर भिंतीला होता. पिंपाला मी कधी हातही लावला नाही. हलवायचं नाही ना!)

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चव घ्यायचा दिवस आला. पिंप उचललं तर हलकं वाटलं. म्हटलं, माझी ताकद वाढली असेल, केग उचलून उचलून.

ब्रूअरीत मालक, देवेश, सम्यक, किचनमधले दोघं, सगळे ग्लास घेऊन उभे. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. देवेशने बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि तसाच थांबला.

"सौरभ, ह्याला फोडणी कोणी दिली?"

"काय?"

"हिंगाचा वास येतोय."

मी वाकून वास घेतला. हिंग. शंभर टक्के हिंग. मालकांनी एक घोट घेतला, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेरच बघत राहिले. सम्यकने वहीत काहीतरी लिहिलं.

मी तिथूनच फोन लावला. रागाच्या भरात बोट स्पीकरवर पडलं.

"आत्या! पिंपाला काय केलंस?"

"काय केलंय? पाडव्यापास्ना रोज गच्चीवर ऊन दाखवलंय. तू गेलास की वर, तू यायच्या आधी खाली. कोणी केलं असतं तुझ्यासाठी एवढं?"

"ऊन?"

"मग? काळोखात बुरा आला असता. वर चार बोटं रिकामं झालं होतं, म्हणून गॅसवर कोळसा लाल केला, त्यावर हिंग टाकला आणि फुंकणीने आत धुरी दिली. तीन वेळा! आता दहा वर्षं काय होत नाय तुझ्या आसवाला. साहेबांना आवडलं ना रे?"

साहेब अजून खिडकीपाशी होते. किचनमधला एक जण भिंत धरून हसत होता. देवेश हसला नाही. त्याने बूच पुन्हा घट्ट बसवलं आणि हळूच विचारलं, "आसव?"

मी घरी आलो तो तोफेसारखा. आत्यावर ओरडलो, ते आसव नव्हतं, बिअर होती, माझी नोकरी होती त्यात! आत्या पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "अगो बाय माझे! दारूक धुरी दिलंय मी?"

बाबांनी पेपरची घडी केली. "बिअर होती ते मला पहिल्याच दिवशी कळलं. वास येत नाही मला?"

"मग आत्याला अडवलं का नाहीत?"

"तू म्हणालास, आसव आहे. बहिणीसमोर पोटच्या पोराला खोटं कशाला पाडू?"

"आणि ते तीन मजले वर कोणी नेलं रोज? आत्याला उचलवतं का ते?"

"मी नेलं."

ज्या माणसाची कंबर गॅसचा सिलिंडर आला की नेमकी धरते, त्या माणसाने महिनाभराहून जास्त ते पिंप रोज गच्चीवर चढवलं आणि उतरवलं. आमच्या घरातले मोठे असे आहेत. एकाला काही माहीत नसतं आणि तरी तो करतो. दुसऱ्याला सगळं माहीत असतं आणि तो उचलू लागतो.

"खरं सांगितलं असतंस," बाबा म्हणाले, "तर मीच सांगितलं असतं तिला, की बिअरला ऊन चालत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

स्टाउट मोरीत ओतली. असिस्टंट ब्रूअरची जागा सम्यकला मिळाली. पिंपाचे अकरा हजार माझ्या पगारातून चार महिने कापणार आहेत, आणि केग आता दिवसाला पन्नास आहेत.