बत्तीस सह्यांचे धनी

"उद्या क्वांटम संगणक येऊ द्या, जगातल्या निम्म्या डिजिटल सह्या खोट्या पाडेल तो! पण माझ्या सहीपुढे हात टेकेल!"

सहीमास्तर हे वाक्य गेली दोन वर्षं भेटेल त्याला ऐकवत होते. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत सुरक्षेचं काम त्यांच्याकडे, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. लिफ्टला नवा प्रोग्रॅम पाठवायचा तर त्यावर मास्तरांच्या यंत्राची सही हवी. सही नसेल तर लिफ्ट त्या प्रोग्रॅमला हिंग लावून विचारत नसे.

पद्धत नामी होती. फाईलचा बारीक ठसा काढायचा, त्याला हॅश म्हणतात, आणि एक गुप्त किल्ली वापरून त्यावर सही करायची. किल्ली एकदाच वापरायची, मग कायमची बाद. मास्तरांच्या यंत्रात अशा बत्तीस किल्ल्या होत्या. लाखभरसुद्धा ठेवता आल्या असत्या, पण त्या तयार करायला वेळ लागतो.

"वर्षाला दोन सह्या," मास्तर यंत्र घेताना म्हणाले होते, "म्हणजे सोळा वर्षांची ददात मिटली. तोवर मी निवृत्त!"

आणि परवा त्यांनी पाठवलेल्या चौथ्या प्रोग्रॅममध्ये वजनाचा घोळ निघाला. लिफ्टमध्ये एक जरी माणूस शिरला तरी ती गोड आवाजात म्हणू लागली, "वजन जास्त झाले आहे. कृपया एकाने उतरावे." एक-दोन नव्हे, जिल्हाभरच्या दोनशे चौदा लिफ्ट!

त्यातल्या एका लिफ्टमध्ये मास्तरांचे सासरे होते. निवृत्त मुख्याध्यापक, देह भारदस्त, गुडघे कामातून गेलेले, घर नवव्या मजल्यावर. ते थेट लेकीच्या घरी येऊन धडकले.

"एकटा होतो मी, जावईबापू! एकटा! उतरणार कोण?"

"लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत बाबा इथेच राहतील," बायकोने जाहीर केलं.

दोन दिवसांत मास्तर रडकुंडीला आले. सासरेबुवांनी त्यांची खुर्ची घेतली, कपाटातली पुस्तकं उंचीनुसार लावली आणि किराणा सामानाच्या यादीतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना दात घासायची योग्य पद्धत करून दाखवली. सासरे वाईट नव्हते हो! पण मास्तरांना आपलं घर परत हवं होतं.

दुरुस्त प्रोग्रॅम घेऊन ते ऑफिसात धावले. आता एक सही, की सासरे संध्याकाळपर्यंत नवव्या मजल्यावर! त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, "शिल्लक सह्या: शून्य."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. यंत्राची खोली स्टोअरवाल्या काकांच्या ताब्यात असे. मास्तर ओरडतच गेले, "काका! यंत्राला हात कोणी लावला?"

"मी," काका अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी नऊला! एक दिवस खंड नाही. रविवारीसुद्धा येऊन गेलो."

"पण कशाला?"

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. गेल्या महिन्यात मास्तरांनीच चिकटवलेला कागद होता, 'यंत्र सही करते आहे ना, याची रोज सकाळी खात्री करावी.'

"मी रोज कोऱ्या फाईलवर सही करून बघतो," काका म्हणाले. "अठ्ठावीस दिवस चोख चाललं. आजची तर फारच सुरेख झाली!"

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलाय का तेवढं बघायचं होतं, पण कागदावर दिव्याचा उल्लेखच नव्हता.

इतक्यात मोठे साहेब आले. "अहो, यंत्राची महिन्यापूर्वीची नक्कल कपाटात आहे ना? ती चढवा! तिच्यात एकोणतीस किल्ल्या कोऱ्या असतील."

मास्तर क्षणभर डगमगले. डोळ्यांसमोर लाल पेन नाचलं. मग त्यांनी मान हलवली.

"नाही साहेब. वापरलेली किल्ली दुसऱ्या फाईलवर चालवली, की दोन सह्या ताडून चोर तिसरी खोटी सही बनवू शकतो. मग लिफ्ट कुणाचंही ऐकेल. त्यात माणसं चढतात साहेब, माझे सासरे चढतात!"

"मग दुसरा उपाय?"

"नवं यंत्र घ्यायचं, आणि त्याची सही ओळखणारी नवी चिप प्रत्येक लिफ्टमध्ये बसवायची. जागेवर जाऊन."

"मग घ्या स्क्रू-ड्रायव्हर," साहेब म्हणाले.

या खेपेला मास्तरांनी दहा लाख किल्ल्यांचं यंत्र मागवलं. पहिली चिप कुठे बसणार, हे सांगायला नकोच. गच्चीवर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीपर्यंत दहा जिने, धापा टाकत! चिप बसली आणि लिफ्टने त्यांना चकार शब्द न काढता खाली आणलं. मास्तर नाचायचेच बाकी होते.

घरी पोचले तर दारात भरलेली बॅग! मास्तरांना गहिवरून आलं. सासऱ्यांना आधीच कळलं तर!

"बाबा, चला, लिफ्ट झाली! मी सोडतो तुम्हाला."

"अहो, बॅग तुमची आहे," आतून बायको म्हणाली. "साहेबांचा फोन होता. अजून दोनशे तेरा लिफ्ट आहेत म्हणे, तीन महिने तरी फिरायचंय तुम्हाला. पहाटे जाणार, रात्री कधी येणार पत्ता नाही, लांबच्या इमारतींना मुक्काम. मी एकटीने काय करायचं घरात?"

खुर्चीतून सासऱ्यांनी चष्मा वर केला.

"तुम्ही निर्धास्त जा, जावईबापू! शेवटची लिफ्ट होईपर्यंत मी इथून हलत नाही."