सात, आठ आणि साठ

मॅडम आणि ट्रान्सफॉर्मर सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि नेमका आजच प्रयोग होता.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे मॅडमचा नवरा. पलीकडच्या इमारतीतला वीज-हॉल त्याच्या ताब्यात होता. अंगानं दणकट आणि दिवसभर स्वतःशीच गुणगुणणारा, म्हणून प्रयोगशाळेनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. मॅडम इकडे नियंत्रण कक्षात, तो तिकडे हॉलमध्ये, आणि मध्ये इंटरकॉम. एरवी त्या इंटरकॉमवर या दोघांचंच राज्य असायचं. आज मात्र निरोप पोचवायचं काम काकांच्या गळ्यात पडलं. काका म्हणजे प्रयोगप्रमुख. नवरा-बायकोच्या भांडणांच्या धास्तीनं त्यांनी जन्मभर लग्न केलं नव्हतं, आणि आता दुसऱ्यांचं भांडण हेडफोन लावून निस्तरायची पाळी आली होती.

"झालं काय एवढं?" काकांनी दबकत विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. मग राहवलं नाही. "सकाळी चहा गाळताना म्हटलं, मला आज फार भीती वाटतेय. तर म्हणतो कसा, 'हो, येताना आणतो.' गेले कित्येक महिने हेच! मी जीव तोडून बोलतेय आणि याचं लक्षच नाही."

भीती वाटण्यासारखं होतंच. यंत्राच्या पोटात सूर्याच्या गाभ्याहून जास्त तापलेला वायू चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा होता. त्या चुंबकांना वीज देणारी कपाटं हॉलमध्ये रांगेनं उभी होती. आजवर एकच मोठा संगणक त्या सगळ्यांना हुकूम सोडायचा. मॅडमनी प्रत्येक कपाटाला स्वतःचा छोटा संगणक दिला होता. पापणी लवायच्या आत आपसात बोलून, कुणी किती वीज द्यायची ते कपाटांनीच ठरवायचं. एखादं कपाट सांगून रजेवर गेलं, तर बाकीची त्याचा भार उचलणार. न सांगता गप्प झालं, तर मात्र सगळीच हात आखडून थांबणार. आज संध्याकाळी यंत्र लांबलचक दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. "आज जमलं तर तुमची पद्धत, नाहीतर जुनीच बरी," असं संचालकांनी सकाळीच ऐकवलं होतं.

आणि ऐन वेळी सात नंबरचं कपाट तापायला लागलं.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "सातला रजा देऊ. मी इकडे तसं सांगितलंय. त्यांना म्हणावं, तिकडून सात बंद करा."

काकांनी निरोप दिला. एरवी ट्रान्सफॉर्मर ऐकलेलं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचा. आज तोही फुगलेला. नुसतं "झालं," म्हणाला.

बटण दाबलं. यंत्रानं एक हुंकार दिला आणि सगळं थंड. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, आठ नंबर गप्प.

"आठ?" मॅडमचा चेहरा उतरला. "रजेवर सात आहे. मग आठ का..."

"हॉलमध्ये सगळं नीट आहे," इंटरकॉमवरून ट्रान्सफॉर्मर गुरगुरला. "त्यांच्या प्रोग्रामला म्हणावं, आधी अंक शिकून ये."

काकांनी हा निरोप पुढे दिला नाही, पण स्पीकर चालू होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आकडे चुकले असतील का? त्यांचा प्रोग्राम मोजायला शून्यापासून सुरुवात करायचा, तेव्हा एकाचा घोळ होऊ शकत होता. त्या घाईघाईनं सगळं तपासायला बसल्या. संचालकांचा फोन आला. काकांनी "फक्त एकदाच, शेवटचं," अशी गयावया केली.

"मला चूक सापडत नाहीये, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "उलटं करून बघू. सात चालू राहू दे, आठ बंद करायला सांगा."

काका माइकमध्ये ओरडले, "हे बघ, आता बस, आठ बंद कर!"

पलीकडे पंख्यांच्या घरघरीत पावलं रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मग ट्रान्सफॉर्मरचा गोंधळलेला आवाज आला, "काका, साठ नंबरचं कपाट आपल्याकडे आहेच कुठे?"

काकांनी हॉलमधल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. हेडफोन ट्रान्सफॉर्मरच्या डाव्या कानावर होता. "अरे, मघाशी तू कुठलं बंद केलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच. आठ."

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांनी काकांच्या हातातला माइक ओढून घेतला. "तुला ऐकू येत नाही?"

ट्रान्सफॉर्मरनं हेडफोन डाव्या कानावर आणखी घट्ट दाबला.

"हेडफोन उजव्या कानावर घे," त्या ओरडल्या. कॅमेऱ्यातल्या माणसानं निमूटपणे घेतला. "कधीपासून?"

"झाले बरेच महिने. डावा कान गेलाय बहुतेक. उजवा कपाटांची गुणगुण ऐकायला मोकळा ठेवतो. डॉक्टरनं लिहून दिलं तर हॉलमधून काढतील, म्हणून बोललो नाही."

"मला पण नाही?"

"तू मग रोज काळजी करत बसली असतीस."

काकांनी तेवढ्यात छताकडे बघायला सुरुवात केली होती. खाकरून ते म्हणाले, "हॉलमधून कोण काढतंय त्याला? कपाटांचा तापलेला वास त्याच्याइतका कुणाला येतो? आधी आठ चालू कर आणि सात बंद कर!"

"आठ चालू, सात बंद करतोय. सहाच्या पुढचं सात," ट्रान्सफॉर्मरनं परत म्हणून दाखवलं.

काकांनी बटण दाबलं. या वेळी पडद्यावर गुलाबीसर उजेड उमलला. थरथरला, सावरला आणि तिथेच अधांतरी राहिला. सातचा भार शेजाऱ्यांनी कधी वाटून घेतला ते कुणाला कळलंसुद्धा नाही. कक्षात टाळ्या पडल्या. संचालकांनी फोनवर "बरं" म्हटलं. त्यांच्या बाबतीत ही मोठीच शाबासकी होती.

मॅडमच्या हातात माइक तसाच होता. त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी उगाच चिडले. चुकलं माझं."

"काय? ऐकू नाही आलं," पलीकडून उत्तर आलं.

"चुकलं माझं!"

"अजून जरा मोठ्यानं."

मॅडमनी डोळे मिटले आणि सगळी इमारत दणाणेल अशा आवाजात सांगितलं, की चूक त्यांची होती, त्यांचा जीव आहे त्याच्यावर, आणि उद्या डॉक्टरकडे यायचं म्हणजे यायचं. टाळ्या थांबल्या. सगळ्या माना वळल्या.

काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली. हेडफोन उजव्या, ठणठणीत कानावर घट्ट बसलेला होता, आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होता.

मॅडमचे डोळे अजून मिटलेलेच होते. काकांनी हात पुढे करून तो पडदा तेवढा बंद केला.