माइक नंबर तीन

कुठंही धडाड् झालं की आमचे शेजारी शेषराव आधी घड्याळ बघत आणि मग माझ्यावर ओरडत. "मास्तर, हात वर कराले इतका उशीर काहून?"

मेडशीला बदलून आलो तेव्हा मुलांना शिकवायला आलोय, अशी माझी समजूत होती. शेषरावांनी ती टिकू दिली नाही. लढाईत ते ब्रह्मदेशात होते, शत्रूची लपलेली तोफ नुसत्या आवाजावरून हुडकणाऱ्या पलटणीत. रांगेत माइक मांडायचे, कोणत्या माइकला आवाज किती आधी पोचला ते मोजायचं, की तोफेची जागा कळली.

मेडशीत माइक कुठले? म्हणून पश्चिमेच्या टोकाला शिंपी, मधे घड्याळ घेऊन शेषराव, आणि पूर्वेला शाळेच्या छतावर माइक नंबर तीन, म्हणजे मी. आवाज आला की रुमाल वर करायचा. आणि तोफा तरी कुठल्या? नव्या विहिरींचे सुरुंग! ते नेमके जेवणाच्या सुट्टीत उडत. जागा ठरली की हा गृहस्थ भर उन्हात तिकडं चालू लागे.

"अहो, विहीर कुठं आहे ते कोणीही सांगेल!"

"लोकं खोटं बोलतेत मास्तर, आवाज नाही बोलत."

एके दिवशी मी वैतागलो. सुरुंग माझ्याच बाजूला उडाला. मी तोंडातला घास गिळला, मनात चार आकडे मोजले आणि मग रुमाल हलवला. शेषराव तरातरा पश्चिमेला निघाले. मी पोट धरून हसलो.

दिवेलागणीला ते परतले. पायाला फोड, चेहरा उतरलेला. समोर ताट वाढलेलं, पण हात लावीनात.

"सापडली नाही, मास्तर. तिकडं लढाईत आमी जागा सांगत होतो, अन् तिथं आमचे गोळे पडत. तिथं कोन होतं, कदी जाऊन पाह्यलं नाही. म्हनून आता आवाज झाला का पाहून येतो. मानसं धड दिसली का बरं वाटते. आज कोनाचं काय झालं, समजलंच नाही."

मला स्वतःची लाज वाटली. कंदील घेऊन मी पूर्वेच्या विहिरीवर गेलो. मजूर चुलीपाशी बसले होते. धापा टाकत परत आलो.

"विहीर पूर्वेला होती. मीच मुद्दाम उशीर केला."

ते रागावलेच नाहीत. "किती जन होते?"

"सात."

"हात?"

"चौदा. मोजले."

तेव्हा कुठं त्यांनी ताट पुढं ओढलं.