एका चोचीचा प्रस्ताव

शाळेच्या बिल्ल्यावरच्या पक्ष्याला एकच चोच असावी, अशी शाळेची रास्त अपेक्षा होती. वहिनींच्या भरतकामाच्या मशीनने मात्र त्याला दोन काढल्या. मशीनला नक्षी पुरवणारं सॉफ्टवेअर फुकटचं. धाकट्या दिरांनी मोठ्या कौतुकाने बसवून दिलेलं. सोमवारी शाळा उघडणार होती. तोवर बिल्ले पोचले नाहीत, तर गणवेशाचं सगळं काम कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाकडे जाणार होतं.

"भाऊजी, एवढी चोच काढून द्या ना."

"वहिनी, तीच तर गंमत आहे! याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही दुरुस्त करावा. केवढं स्वातंत्र्य!"

"मग करा की."

"छे हो, मी फक्त वापरतो," म्हणत भाऊजींनी चपला शोधल्या.

वहिनी हट्टाला पेटल्या. कोड उघडायला एक साधन लागत होतं, त्या साधनाला दुसरं, आणि दुसऱ्याला शेजारणीचा नवा संगणक. अखेर ती आगाऊ ओळ सापडली. वहिनींनी ती पुसून टाकली. पण सॉफ्टवेअर सांभाळणारी एक समिती होती, आणि तिने मंजूर केलेलीच आवृत्ती मशीन चालवी. म्हणून दुरुस्ती समितीकडे रवाना झाली.

समितीने तत्परतेने आभार मानले आणि ओळींमधल्या मोकळ्या जागा वाढवायला सांगितल्या. वहिनींनी वाढवल्या. मग, एका चोचीमुळे पक्ष्याची गैरसोय होणार नाही, याचा पुरावा मागितला. तोही दिला. तेवढ्यात एका सभासदाने हरकत घेतली: आमच्या मंडळाचं बोधचिन्ह या दुसऱ्या चोचीवरच उभं आहे, ती काढल्यास आम्ही कुठे जायचं? प्रस्ताव मतदानाला गेला. मतदान पुढच्या तिमाहीत होतं.

रविवारी सकाळी वहिनींनी कात्र्या काढल्या. सासूबाई चष्मा लावून बसल्या. भाऊजी दारात दिसताच त्यांच्याही हाती एक कात्री आली.

"हे काय, वहिनी?"

"स्वातंत्र्य. डावी चोच कापा, नाहीतर उजवी."

"अगं, त्याला दोन्ही कापू देऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी बिल्ले वेळेवर पोचले, काम वहिनींकडेच राहिलं. वहिनींनी समितीला कात्रीसकट खुशाली कळवली. समितीने तक्रार निकाली काढली आणि सॉफ्टवेअरसाठी आवश्यक सामग्रीची यादी सुधारली: संगणक, मशीन, कात्री. शेकडो लोकांनी समितीचं अभिनंदन केलं.

तुम्ही हसताय? हसा. फक्त उठताना खुर्ची जपून सरकवा; तिच्या डगमगत्या पायाखाली तुम्हीच घातलेला पुठ्ठा निसटायचा.