शिंकेच्या पूर्वार्धाचे कामकाज

मनुष्याच्या शिंकेचे दोन भाग असतात : ‘आ’ आणि ‘छी’. पैकी पहिल्या भागावर संस्था उभ्या राहतात. दुसऱ्या भागाने फक्त रुमाल खराब होतो. हे सत्य आमच्या मंडळाइतकं मनापासून दुसऱ्या कुणी आचरणात आणलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी एक सभासद म्हणून अभिमानाने सांगते.

मंडळाचं नाव ‘अभिजात हस्तचलनचित्र अभ्यास मंडळ’. हाताने काढलेली चित्रं भराभर दाखवली की ती हलल्यासारखी दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. (नाव लांब आहे, कारण पाटी आधी करून घेतली होती आणि तिच्यावर जागा उरत होती.) एका धुलाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. खालून इस्त्रीची वाफ येत असते, त्यामुळे कागद कायम जरा ओलसर असतात आणि सभासद कायम जरा गुलाबी. खोलीत आठ टेबलं. प्रत्येकाच्या मधोमध काच, काचेखाली दिवा, काचेच्या कडेला दोन खिळे. भोकं पाडलेला कागद खिळ्यांत बसवायचा, त्यावर दुसरा बसवायचा, खालचं चित्र दिव्यामुळे वर दिसतं. मग त्याच्यापेक्षा केसभर पुढे सरकलेलं चित्र वरच्या कागदावर काढायचं. अशी बारा चित्रं झाली की एक सेकंद होतो. आमचा एक सेकंद साधारण एका आठवड्याचा असतो. बाहेरचे लोक कसली एवढी घाई करतात, हे आम्हाला त्यामुळेच कळत नाही.

भिंतीवर तीन उस्तादांचे फोटो आहेत : टोपीवाले उस्ताद, डावरे उस्ताद आणि हललेले उस्ताद. (तिसरे फोटो काढताना हलले. त्यांचा फक्त हाच एक फोटो आहे, आणि तो अत्यंत बोलका मानला जातो.) मंडळाच्या घटनेचं पहिलं कलम असं : ‘कोणतीही हालचाल मनाने काढू नये. अभिजात उस्तादांनी ती कशी काढली आहे ते चित्रफितीत पाहावे, तीन वेळा उतरवावे, आणि मगच पेन्सिलीला टोक करावे.’

सरावासाठी एखादी सोपी हालचाल घ्यावी म्हणून संस्थापकांनी शिंक निवडली. एक गोल गृहस्थ, डोक्यावर तीन केस, खुर्चीत बसलेले. त्यांच्या नाकाला हुळहुळतं. आ... आ... आणि छी. झालं! दोन सेकंदांचं काम. तिन्ही उस्तादांच्या चित्रफिती मागवण्यात आल्या. त्यांचा ‘आ’ पाहून सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपीवाल्यांच्या ‘आ’मध्ये आधी भुवया वर जातात, डावऱ्यांच्या ‘आ’मध्ये आधी बोटं ताणली जातात, हललेल्यांच्या ‘आ’मध्ये आधी खुर्ची मागे झुकते. सगळं उतरवून घेतलं. पण पुढे नेमकी माशी शिंकली. (माशीचीही शिंक तिघांनी काढलेली नाही.) ‘छी’ची वेळ आली की टोपीवाले एकदम उडणारी टोपी दाखवतात, डावरे खिडकीच्या फुटणाऱ्या काचा दाखवतात, आणि हललेले शेजारच्या घरात दचकून उठलेलं कुत्रं दाखवतात. शिंकणाऱ्याचं तोंड त्या क्षणी कसं असतं, हे तिघांपैकी एकानेही काढलेलं नाही. म्हणजे ‘छी’ला अभिजात आधार नाही. आधार नसताना काढणं म्हणजे मनाने काढणं, आणि मनाने काढणं म्हणजे पहिल्या कलमाचा भंग. सबब, आधार सापडेपर्यंत ‘आ’ चालू ठेवावा, असा ठराव एकमताने झाला.

तेव्हापासून ‘आ’ चालू आहे.

मी मंडळात आले तेव्हा तो पावणेदोन मिनिटांचा झाला होता. माझं शिक्षण घरीच झालेलं; म्हणजे मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोपऱ्यांवर बेडूक काढायचे आणि अंगठ्याने पानं सोडली की बेडूक उडी मारायचा. प्रवेशाच्या वेळी मी कार्यवाहांना तो दाखवला. कार्यवाह तसे सज्जन. त्यांनी बेडूक दोनदा पाहिला आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, “हे कधीपासून होतंय?”

“लग्नानंतर सुरू झालं,” मी म्हणाले.

“हरकत नाही. कमी होईल,” ते म्हणाले, आणि मला डावी नाकपुडी दिली.

कामाची वाटणी अशी असते, आणि ज्याला जो भाग मिळतो त्या नावानेच त्याला हाक मारतात. भुवया म्हणजे एक निवृत्त टपालवाले. दाढा म्हणजे एक दंतवैद्य. गृहस्थांचं तोंड जसजसं उघडत गेलं तसतशा त्यांच्या दाढा मागून पुढे आल्या आणि त्यांनी तिथे एक बारीक किडका दातही काढून ठेवला. (त्यावर पुढे उपचार करण्याचा त्यांचा विचार आहे.) उजवी नाकपुडी एक शिवणकाम करणारी मुलगी होती. आम्हा दोघींचं सुरुवातीला पटलं नाही, कारण तिची नाकपुडी माझ्यापेक्षा आधी फुगायची. मग एके दिवशी तिने मला टाचण्यांची डबी दिली आणि दोन्ही नाकपुड्या बरोबरीने चालू लागल्या.

आणि मास्तर. मास्तर तरुणपणी खरोखरच्या चित्रशाळेत कामाला होते. आम्हाला शिकवणारे तेच. पानांची गड्डी कानाशी धरून ते फर्रकन सोडायचे आणि म्हणायचे, “नवव्या पानाला पाय घसरतोय.” आणि घसरत असायचा. आम्हाला वाटायचं, ही सिद्धी. गेल्या वर्षी कळलं की सिद्धीबिद्धी काही नाही, डोळे जात होते.

“मधलं गेलं, बाई,” ते मला जिन्यात म्हणाले. “कडेकडेचं तेवढं दिसतं. आता तुम्ही समोर उभ्या आहात, तर मला तुमचे कान दिसतायत.”

“कसे आहेत?”

“चांगले आहेत. मी इतके दिवस लक्षच दिलं नव्हतं.” मग दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “कडांनाही डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. तेवढ्यात त्याला एकदा शिंकलेला बघायचाय हो. किती वर्षं तोंड उघडून बसलाय बिचारा. जबडा दुखत असेल.”

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले.

आमच्याकडे रोज सकाळी पेपर उघडला की त्याला शिंक येते. वीस वर्षं येते आहे, मी वीस वर्षं स्वयंपाकघरातून “अहो, रुमाल!” एवढंच ओरडत आले आहे. आता मी कागद-पेन्सिल घेऊन समोर बसले. त्याने पेपर उघडला. काही नाही. पान उलटलं. काही नाही. संपादकीयसुद्धा कोरड्या नाकाने वाचून काढलं.

“काय बघतेस?”

“शिंका.”

“आता?”

“अहो, रोज शिंकताच की.”

“अगं, पण असं कुणी समोर बसलं की नाही येत. त्याला काही मोकळीक लागते की नाही?”

मी मिरपुडीचा डबा आणला. मुलगी आंघोळीहून आली, तिने बाप, डबा आणि मी असं पाहिलं आणि म्हणाली, “आई, निदान घरात तरी त्यांना मनाने शिंकू दे.” मी चिडून चहा ठेवायला उठले, आणि मागून घर दणाणलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी मी भिंतीवरचा आरसा असा तिरका लावला की ओट्याशी उभं राहून तो दिसेल, आणि पाठमोरी उभी राहून पहिल्यांदा माझ्या नवऱ्याची शिंक पाहिली.

त्यात एक क्षण असा आहे, ‘आ’ संपतो आणि डोळे मिटायचे असतात त्याच्या मधला, की त्या वेळी त्या चेहऱ्याला वय नसतं, नोकरी नसते, कालचं भांडणही नसतं. आणि तो हसतो! म्हणजे ओठ हसल्यासारखे होतात, त्याला कळतही नाही. मी वीस वर्षं त्या क्षणी पाठ करून उभी होते. (अजूनही पाठ करूनच उभी होते, पण आता आरसा होता.)

सात चित्रं झाली. सात म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं जास्त. पानं फडफडवून पाहिली तर दर वेळी मलाच शिंक आली. मला वाटलं, पेन्सिलीची पूड.

मासिक सभेत मी चित्रं टेबलावर ठेवली. कार्यवाहांनी ती उलटी ठेवली, म्हणजे चुकून कुणाची नजर जायला नको, आणि विचारलं, “आधार?”

“आमचे हे,” मी म्हणाले.

“त्यांचा फोटो भिंतीवर आहे का?”

“घरी आहे. बैठकीच्या खोलीत.”

हे पुरेसं मानलं गेलं नाही. चर्चा झाली. दाढा उठून म्हणाले, “छी झाली की तोंड मिटणार. मग माझ्या दाढा कोण बघणार? त्या कुत्र्याला दाखवू?” भुवया म्हणाले की, वर न्यायला त्यांना दोन वर्षं लागली आहेत, खाली आणणं या वयात त्यांना झेपणार नाही. एकंदर सभेचा कल असा दिसला की, शिंक ही गृहस्थांची खाजगी बाब आहे. ‘आ’ मात्र सर्वांचा आहे.

तेव्हा कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, “कलम चार वाचा.”

कार्यवाहांनी वाचलं : “ज्या कलावंताला आपल्या कामात यापुढे काहीही दुरुस्त करता येणार नाही, तो अभिजात समजावा.”

“माझी चूक आता मला दिसत नाही. जी दिसत नाही ती दुरुस्त करता येत नाही. डॉक्टरांचा कागद आहे खिशात. मग झालो ना मी अभिजात?” मास्तर म्हणाले. “लावा माझा फोटो. आणि ही सात पानं माझा आधार म्हणून धरा. बाईंनी उतरवलीयत, मी कानाने तपासली आहेत. सहाव्या पानाचा आवाज जड येतो, तिथली एक रेघ काढून टाका.”

खाली इस्त्रीने एक लांब सुस्कारा सोडला. कार्यवाहांनी कलम चार पुन्हा वाचलं, पान उलटून मागे काही अपवाद छापलाय का ते पाहिलं, चष्मा पुसला, आणि अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, “खिळा आहे का कुणाकडे?”

अशा रीतीने मास्तर चौथे उस्ताद झाले. त्यांच्या दिनक्रमात फारसा फरक पडला नाही. ते पूर्वीच्याच खुर्चीत, आता स्वतःच्याच फोटोखाली, बसू लागले. फक्त त्यांना चहा विचारणं बंद झालं, कारण उस्ताद चहा घेत नाहीत. भिंतीवरच्या तिघांनी आजवर कधी घेतलेला नाही. मी माझ्यातला अर्धा बशीत ओतून सरकवत असे. शिंक उस्तादांच्या नावे नोंदली गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. (थोडं वाटलं.)

चित्रफीत दाखवायचा दिवस ठरला. खालच्या दुकानातून एक पांढरी चादर इस्त्री करून आणली आणि भिंतीवर लावली. सगळे आले होते. नवराही आला, रुमालासकट. मास्तरांना कडेचंच दिसत असल्यामुळे त्यांची खुर्ची बाजूच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली, म्हणजे चादर त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात यावी. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हाताऱ्याला शिक्षा केली आहे.

दिवे गेले. गृहस्थ आले. नाक हुळहुळलं. भुवया निघाल्या. पहिल्या मिनिटाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी नाक चोळलं. तिसऱ्याला माझी डावी नाकपुडी फुगली, आणि सांगायला हरकत नाही, फार सुंदर फुगली. चौथ्या मिनिटाला खोलीतल्या प्रत्येकाची मान मागे गेली होती, तोंडं उघडी होती, कार्यवाहांचंसुद्धा. आ... आ... आणि बरोबर त्या क्षणी सगळी खोली एकदम शिंकली.

डोळे उघडले तेव्हा गृहस्थ तोंड मिटून, तीन केस विस्कटलेले, खुर्चीत शांत बसले होते. काम संपलं होतं.

पुन्हा दाखवली. पुन्हा शिंकलो. तिसऱ्यांदा कपडे वाळत घालायचे चिमटे नाकाला लावून बसलो. चिमटे उडाले, एक दाढांच्या चष्म्याला लागला. ज्याचा ‘आ’ आपण सरळ तोंडाकडे पाहत बघितला, त्याची ‘छी’ बघायच्या आत आपणच शिंकतो असं दिसतं. कार्यवाहांनी नोंद केली : ‘शिंक झाली, परंतु उपस्थित सभासदांपैकी एकानेही ती पाहिलेली नाही, सबब ती झाली असे म्हणता येत नाही. ‘आ’ पुढे चालू.’ दाढांनी समाधानाने टाळी वाजवली.

फक्त भिंतीकडे तोंड करून बसलेले मास्तर शिंकले नव्हते. त्यांची साक्ष काढता आली नाही, कारण ते आता उस्ताद आहेत, सभासद नाहीत. मी त्यांना जिन्यातून हात धरून खाली आणत होते. मधल्या पायरीवर ते थांबले.

“बाई, डोळे मिटायच्या आधी तो हसतो. हे कुठून आणलंत?”

“घरून,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ माझ्या कानांकडे बघत राहिले.

उजवी नाकपुडी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यामुळे मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. आपण इथवर वाचत आलात ते ती शिंक शेवटी कशी होती हे कळेल म्हणून. ते काही कळलं नाही, तरीही उठून गेला नाहीत. ही पात्रता फार थोड्यांत आढळते. तेव्हा अर्ज करण्यास हरकत नाही. येताना रुमाल आणण्याची गरज नाही.