अडतीस राजांचं राज्य

सन दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात, बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका शाळेत, तिसरी 'ब'ची सगळीच्या सगळी मुलं राजे झाली.

त्याआधी तिथेही इतर शाळांसारखंच चाले. एक राजा असे आणि उरलेली मुलं प्रधान, शिपाई, प्रजा, झाडं वगैरे होत. पण आदल्या वर्षी ज्या मुलाला झाड केलं, त्याच्या वडिलांनी तक्रार केली. मुलगा घरीही हात पसरून उभा राहतो, असा एका तज्ज्ञाचा दाखला सोबत जोडला. शाळेने गंभीर दखल घेऊन 'भूमिका समानता समिती' नेमली.

समितीच्या पहिल्या बैठकीत झाडं रद्द झाली, दुसऱ्या बैठकीत शिपाई आणि भालदार, तिसऱ्या बैठकीत प्रजा. प्रजा झाल्याने बालमनावर कायमचा परिणाम होतो, असं इतिवृत्तात नोंदलेलं आहे. प्रधान चौथ्या बैठकीपर्यंत टिकला. शेवटी उरला राजा, आणि तो एकच ठेवणं म्हणजे उघड अन्याय. तेव्हा अडतीस मुलं, अडतीस राजे. प्रत्येकाला सिंहासनावर बावीस सेकंद आणि वाक्य एकच: "माझ्या राज्यात सगळे समान आहेत."

नाटक मुळात एका म्हातारीच्या हरवलेल्या शेळीचं होतं. म्हातारी प्रजेबरोबर गेली. शेळी हरवलेलीच होती, त्यामुळे तिच्याबाबत वेगळा ठराव करावा लागला नाही.

महानंदाबाईंना हे सगळं त्यांच्या नातीने, ईराने, सांगितलं. महानंदाबाई मूळच्या निपाणीच्या. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी बेंगळुरूला आल्या, त्याला पन्नास वर्षं झाली. एकोणनव्वद साली मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा उपेंद्र, म्हणजे ईराचा बाप, भालदार झाला होता. दोन तास भाला धरून उभा होता आणि राजाचा दरबार ऐन रंगात आला असताना उभ्या उभ्या झोपला. त्याचा फोटो नाही. कॅमेरा ज्यांच्याकडे होता त्यांचा मुलगा राजा होता. पण महानंदाबाईंना त्याच्या सुटलेल्या नाडीसकट सगळं आठवतं, आणि ईराने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला भालदारच व्हायचं होतं.

"मग मिसना सांग की," महानंदाबाई म्हणाल्या.

"सांगितलं. सुचेता मिस म्हणाल्या, तुला वाईट वाटेल. मी म्हटलं, नाही वाटणार. त्या म्हणाल्या, तुला कळणार नाही, पण वाटेल."

"सरी, ठीक आहे. राजा तर राजा."

"आजी, तू येशील ना? आणि मलाच बघ हं. आई-बाबा फोनमध्ये बघतात."

"माझ्या फोनला बटणं आहेत, बाळ. त्यात काय बघणार मी?"

मुकुटांची जबाबदारी गुरुप्रसाद नावाच्या एका पालकाने घेतली. त्यांचा पीण्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची कव्हरं बनवायचा कारखाना. त्यांनी अडतीस डोकी मोजली. वेगवेगळ्या मापांचे मुकुट केले तर लहान डोक्याच्या मुलांना कमीपणा येईल, असं समितीने कळवलं. म्हणून सर्वांत मोठ्या डोक्याचं माप सर्वांना लावलं. ते डोकं गुरुप्रसादांच्याच हयवदनाचं निघालं. मुकुट एकट्या त्याला बसला, बाकीच्यांच्या नाकापर्यंत आला. नाकाखाली सर्वांना एकसारखी दाढी होती.

राहिला क्रम. नावाच्या आद्याक्षराने लावला तर 'य'वाल्यांवर अन्याय. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि शेवटचा क्रमांक आलेल्याला दुःख होऊ नये म्हणून त्या उघडल्यावर कुणालाही सांगितल्या नाहीत. नावं पुकारायचीही नाहीत, कारण काही नावं लांब असतात. पालकांना गेलेल्या पत्रात शेवटची ओळ होती: 'पालकांनी आपला पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर ओळखावा.'

प्रत्येक मुलामागे दोन पास. सून यशश्री कंपनीच्या कामाने ऐन वेळी पुण्याला गेली, म्हणून तिच्या पासवर महानंदाबाई निघाल्या. दारावर रखवालदार देवाप्पा होता. तो निपाणीजवळच्या चिकोडीकडचा, त्यामुळे दोघांचं आधीपासून जमलेलं.

"अक्का, पासवर मदर लिहिलंय की."

"मग? मी मदर नव्हं?" महानंदाबाईंनी उपेंद्रकडे बोट दाखवलं. "ह्याची."

देवाप्पाने पास उलटसुलट करून पाहिला. कुणाची मदर हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने दार उघडलं.

उपेंद्र एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्याने तीन पायांचा स्टँड आणला होता, बावीस सेकंदांच्या चित्रणाची तालीम घरी मिक्सरवर केली होती. "आई, तू घरी थांबली असतीस तरी चाललं असतं," तो फोन घट्ट बसवत म्हणाला. "व्हिडिओ दाखवलाच असता मी तुला."

"मला ईराने बोलावलंय," त्या म्हणाल्या.

पडदा उघडला. पहिला राजा आला, सिंहासनाच्या शेजारून तसाच पुढे गेला आणि मंचाच्या कडेला एक पाय हवेत धरून थांबला. खाली टाळ्या पडल्या. दुसऱ्या राजाने पडद्याला वाकून नमस्कार केला आणि त्यालाच आपलं वाक्य सांगितलं. तिसरा यायच्या आत एका राजाने विंगेत मुकुट काढून ठेवला, दाढी हनुवटीखाली ओढली आणि बाहेर येऊन पहिल्याला कडेवरून मागे आणलं. मग त्याने दुसऱ्याला पडद्यापासून सोडवलं आणि तिसऱ्याचा हात धरून त्याला सिंहासनावर बसवलं.

"उपेंद्रा, ती बघ ईरा."

"कुठे?" उपेंद्र फोनमध्येच म्हणाला.

"अरे, ती काय. हात धरून आणतेय बघ एकेकाला."

"ती कुणीतरी व्हॉलंटिअर असेल, आई. ईरा राजा आहे."

"पोटची पोर ओळखू येईना होय रे तुला? स्वल्प मान वर कर."

"मान वर केली की फ्रेम हलते. झूम मी सिंहासनावर ठेवलाय."

ईरा एकेकाला आणत होती, बसवत होती, उतरवत होती. कुणाच्या तरी मुकुटाची कड तिच्या कपाळाला लागली, तिने ते कोपराने पुसलं. त्या सगळ्या वेळात प्रत्येक राजाला सबंध सभागृहाने टाळ्या दिल्या, कारण तो आपला असण्याची शक्यता कुणालाच नाकारता येत नव्हती. समितीला हवी होती ती समानता, ती ही.

सतरावा राजा आला आणि उपेंद्रने लाल बटण दाबलं. "आई, चाल बघ. थेट माझी." त्याने बावीस सेकंद श्वास रोखून धरला आणि राजा उतरायच्या आत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'आमची राणी, नव्हे राजा.' मग डोळे पुसून तो पुण्यातल्या यशश्रीशी फोनवर बोलायला बाहेर गेला.

त्यामुळे त्याने शेवट पाहिला नाही. सदतीस राजे झाले. अडतिसावी खुद्द ईरा, आणि तिला आणायला कुणी नव्हतं. पण वेळापत्रक मंजूर झालेलं होतं, म्हणून रिकाम्या सिंहासनाला पूर्ण बावीस सेकंद देण्यात आले. पालकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. पाचसहा वडिलांनी ते चित्रितही केलं.

ईरा सिंहासनाच्या बाजूला ताठ उभी राहिली. उजवी मूठ छातीशी, जणू त्यात भाला आहे. ती अंधारात कुणाला तरी शोधत होती. महानंदाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. मागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, बसा, राजा दिसत नाही." त्या बावीस सेकंद बसल्या नाहीत.

घरी ईराने विचारलं, "बाबा, मी दिसले?"

"म्हणजे काय! हे बघ."

तिने पाहिलं. "हा अद्वैत आहे." मग स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा माझा हात."

उपेंद्रने चित्र मोठं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हो की," तो हळूच म्हणाला. "पण आता दोनशे जणांनी लाइक केलंय गं."

चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. 'आपल्या पाल्याने समितीने रद्द केलेली भूमिका विनापरवाना केली. तसेच सदतीस पाल्यांचा हात धरल्याने त्यांना आधाराची गरज आहे असा समज पसरला.' सोबत हमीपत्र होतं, यापुढे माझा पाल्य राजाच होईल. उपेंद्रने सही केली.

"मुकुट मोठे होते, असं लिही की खाली," महानंदाबाई म्हणाल्या.

"आई, तसा रकाना नाही त्यात."

पुढे समिती कायमस्वरूपी झाली. सुचेता मिस तिच्या सचिव झाल्या. गुरुप्रसाद दरवर्षी मुकुट देतात, हल्ली हयवदनाचं डोकं वाढलंय म्हणून आणखी मोठे. दारावर माणूस उभा करणं समानतेत बसत नसल्याने तिथे यंत्र बसलं. देवाप्पा आता बोम्मसंद्र्याला एका कारखान्याच्या फाटकावर असतो, आणि महानंदाबाई भेटल्या की "अक्का, कुणाची मदर?" म्हणून हसतो. यशश्री पुढच्या वर्षी रजा काढून आली आणि तिनेही एका राजाचा उत्तम व्हिडिओ घेतला. अद्वैतच्या वडिलांकडे कुणाचा व्हिडिओ आहे, ते अजून ठरलेलं नाही. ईराने कपाटावरचा झाडू काढून त्याचा दांडा वेगळा केलाय. जेवणाच्या वेळी ती तो घेऊन आजीच्या खुर्चीशेजारी उभी राहते, आणि आजी तिला झोप आली का ते बघते.

उपेंद्रने व्हिडिओ काढून टाकला नाही. काढला तर कारण सांगावं लागेल. तो अजून आहे. आजवर सहाशे बारा जणांनी त्याखाली बदाम टाकलाय, आणि 'अगदी बाबांवर गेलीय' असं लिहिणारे त्रेचाळीस आहेत. त्यात आपण सगळेच आहोत, आपापली नावं शोधून पाहावीत. डाव्या कोपऱ्यात एक छोटा हात दिसतो. तो कुणाचा, असं अजून एकानेही विचारलेलं नाही.