आपली भट्टी

"आपल्याला डायबेटिस निघालाय," असं भोईरशेठ पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी हातातला पेढा खाली ठेवला. नंतर कळलं, डायबेटिस त्यांना निघाला होता. 'माझं' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच. आपली सासू वारली, आपलं पोट बिघडलं. अशा माणसाशेजारी गाळा असला की तब्येत सारखी नरम वाटते.

वागळे इस्टेटमध्ये माझी छपाईची प्रेस, आणि भिंतीपलीकडे भोईर-केळकरांची भट्टी. लोखंडी भागांवर रंगाची पूड मारायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची, हा त्यांचा धंदा. भोईर मानपाड्याचे, बोलके, गिऱ्हाईक आणणारे. केळकर विधुर, तोलूनमापून बोलणारे, भट्टी सांभाळणारे. भागीदारीचा कागद मात्र दोघांनी कधी केलाच नाही.

घोळ घातला तो त्या एका शब्दाने. एका गिऱ्हाइकाने केळकरांना सहज विचारलं, "तुम्ही इथे नोकरीला का? शेठ म्हणाले, भट्टी आपली आहे." केळकरांच्या शुद्ध मराठीत आपली म्हणजे दोघांची. इस्टेटच्या मराठीत आपली म्हणजे सरळ माझी. केळकर त्या दिवसापासून अर्थ लावत बसले आणि अर्थ लावता लावता वकिलापर्यंत पोचले.

माजिवड्याला वकिलांच्या ऑफिसात बैठक ठरली. भट्टी ज्याची ठरेल त्याने धंदा चालवायचा, दुसऱ्याने बाहेर पडायचं. भोईरांच्या वकिलाने बजावलं, "तिथे 'आपली' म्हणालात तर संपलंच. 'माझी' म्हणायचं." ही शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

"म्हणा, माझी भट्टी."

"आपली माझी भट्टी."

"नुसतं माझी."

"जीभच वळत नाय रे, प्रेसवाल्या. चोरी केल्यासारखं वाटतंय."

माझी झोप उडाली. हा माणूस गाळ्याबाहेर पडला तर दिवसभर करील काय, ही काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागलेली.

बैठकीला भोईरांनी मलाही सोबत नेलं. केळकर म्हणाले, "भट्टी माझी आहे." सगळे भोईरांकडे बघायला लागले. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"त्याचीच," भोईर म्हणाले. "लिवून घ्या."

बाहेर आल्यावर मी भडकलो. "शेठ, अहो काय केलंत हे?"

"अरे, त्याच्या घरी कोन हाय? सकाळी भट्टी पेटवायची नसली, तर तो उठेल कशाला?"

"आणि तुम्ही?"

ते रिक्षा बघायला लागले. आलेल्या दोन रिक्षा त्यांनी तशाच जाऊ दिल्या. मला फार वाईट वाटलं.

"येईन की अधूनमधून," ते म्हणाले. "गेलो तर बस म्हणेल ना रे तो?"

"म्हणेल," मी म्हणालो. केळकर नुकतेच आमच्या समोरून, वर न बघता, निघून गेले होते.